अकरा मिनिटं पुढची विहीर

जठारपेठेतल्या ‘पुंजाराम फोटो’मधलं भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे असतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. समोरचा इस्त्रीवाला त्या घड्याळात बघतो आणि मनातल्या मनात अकरा वजा करून पोराला शाळेत पाठवतो. नवीन गिऱ्हाईक वेळ बघून दचकलं, की काउंटरमागून साधना मान वर न करता म्हणते, “अकरा कमी करा.” दिवसातून तीनचारदा तरी म्हणते. म्हणताना तिला आपण काही बोललो असं वाटतही नाही.

ही अकरा मिनिटं तिच्या वडिलांची. पुंजाराम तरुणपणी धामणगाव रेल्वे या गावी एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते. मुहूर्त सहा वाजून चाळीस मिनिटांचा. वऱ्हाडातलं लग्न, म्हणजे साडेसातच्या आत अक्षता पडायच्या नाहीत या हिशेबाने पुंजाराम स्टेशनाबाहेर भजी खात उभे राहिले. पण मुलीचे मामा रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी खिशातलं घड्याळ हातात धरून भटजींना सहा चाळीसला ‘तदेव लग्नं’ म्हणायला लावलं. पुंजाराम मांडवात शिरले तेव्हा अक्षता लोकांच्या पायाखाली होत्या. फोटोसाठी अंतरपाट दुसऱ्यांदा धरला, नवरानवरीला पुन्हा उभं केलं, आणि नवरीची आई सगळ्यांदेखत रडली. एकाच मुलीचं दोनदा लग्न लावतात का, म्हणून. त्या दिवसापासून पुंजारामांच्या मनगटावरचं, दुकानातलं आणि पुढे कॅमेऱ्यातलंही घड्याळ अकरा मिनिटं पुढे गेलं. अकराच का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. साधना आता सेहेचाळीसची. लग्न तिने केलं नाही. इतरांची मात्र हजारभर काढली. नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचं घड्याळ लावताना तिच्या बोटांनी आपोआप अकरा मिनिटं मिळवली. दिवा लागल्यावर हात जोडले जातात तसं.

यंदा लग्नांची कामं कमी झाली. ड्रोनवाली पोरं आली, नवरीला धुरात उभं करणारी आली. साधनाच्या हाताला काम हवं होतं, आणि ते एका संस्थेकडून आलं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागात, पडक्या विहिरींची मोजणी करणारी ही संस्था. धोक्याच्या, निरुपयोगी विहिरी मालकाच्या संमतीने बुजवायच्या, चांगल्या राखायच्या. संस्थेचं काम पाहणारा शेखर, तिशीतला, बोलायला मऊ. तो म्हणाला, “मोबाइलने काढलेल्या फोटोत विहीर म्हणजे नुसतं काळं भोक दिसतं, मॅडम. आतलं बांधकाम दिसायला पाहिजे. तुम्ही काढा. फक्त प्रत्येक फोटोला जागा चिकटलेली पाहिजे.”

साधनाचा कॅमेरा जुना. आत उतरणारा उजेड, शेवाळ, दगडाची चीर, सगळं त्याला कळतं. आपण कुठे उभे आहोत ते मात्र कळत नाही. मोबाइलला ते कळतं. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीने, आकांक्षाने, युक्ती शिकवली. मोबाइल दिवसभर खिशात चालू ठेवायचा. कोणत्या मिनिटाला आपण कुठे होतो, त्याची तो नोंद करत जातो. संध्याकाळी कॉम्प्युटरवर ती नोंद आणि फोटो समोरासमोर ठेवायचे. फोटोवर वेळ असते, नोंदीत वेळ आणि जागा असते. वेळ जुळली की जागा फोटोला जाऊन चिकटते.

“म्हणजे सगळा भरोसा वेळेवर,” साधना म्हणाली होती.

“हो मावशी. म्हणून निघताना आधी मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा. कॅमेऱ्याची वेळ मागेपुढे असेल तर त्यावरून कळते.”

“माह्या कॅमेऱ्याची वेळ बरोबर असते,” साधना म्हणाली. खोटं बोलली नाही ती. तिच्या लेखी ती बरोबरच होती.

फेब्रुवारीत अठरा दिवस ती फिरली. एकशे बारा विहिरी. संध्याकाळी नकाशावर ठिपके उमटायचे तेव्हा तिला गंमत वाटायची. एकदोन विहिरी भर डांबरी रस्त्यात उमटल्या होत्या. मोबाइलचं थोडं इकडेतिकडे होतच असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. यादी गेली. शेखरचा निरोप आला, काम छान झालंय, पावसाळ्यानंतर आणखी दोन तालुके आहेत, तुम्हीच करा. त्या निरोपावर ती आठवडाभर चालली.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी नवाच्या सुमारास मोबाइल वाजला. विहिरींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. शेखरने लिहिलं होतं, ‘आज वलगाव शिवार. मशीन निघाली. बारापर्यंत क्र. १४ बुजवून पुढे.’ खाली फोटो, साधनानेच काढलेला. सूर्यभानची विहीर, काठ खचलेला, आत बाभूळ वाढलेली, तळाला खारट हिरवं पाणी. माघात त्यात त्याचं वासरू पडलं होतं. बुजवा म्हणून त्याने स्वतः अर्ज दिला होता.

त्याच वेळी काउंटरवर पासपोर्टचा फोटो न्यायला आलेले मास्तर भिंतीकडे बघून ओरडले, “अरे बापरे, नऊ वीस! मायी गाडी गेली!”

“अकरा कमी करा,” साधना म्हणाली.

आणि हातातली कात्री तशीच राहिली.

मास्तर काहीतरी म्हणाले, पैसे ठेवून गेले. साधनाने कपाटातून कॅमेरा काढला, मोबाइल समोर धरला, त्याच्या घड्याळाचा फोटो काढला. दोन महिन्यांपूर्वी काढायचा होता तो. मोबाइलवर नऊ वाजून बारा. फोटोवर नऊ तेवीस.

तिने स्टुलावर बसून हिशेब केला, लहान मुलासारखा, बोटांवर. सूर्यभानच्या विहिरीचा फोटो काढला तेव्हा खरे वाजले होते अकरा पाच. कॅमेऱ्याने लिहिलं अकरा सोळा. म्हणजे कॉम्प्युटरने विचारलं असणार, अकरा सोळाला ही बाई कुठे होती? आणि मोबाइलने सांगितलं असणार.

अकरा सोळाला ती कुठे होती ते तिला चांगलं आठवत होतं. मधे एक धुरा, शेताचा बांध, तो ओलांडून गेलं की इंदूबाईचा मळा. शेवग्याखाली बसून ती पाणी पीत होती. चार दिवस खारट, मचूळ पाणी पिऊन जीभ जाड झालेली, आणि इंदूबाईने लोटा पुढे केला होता. “पेय बाई. आख्ख्या शिवारात गोड पानी हे एकच हाय. सासऱ्यानं खांदली. भवताल सारं मीठ, अन् मधात हे.” काठ त्याही विहिरीचा बांधलेला नव्हता. त्या एका पाण्यावर मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, उभी होती. सांबाराच्या ओल्या वासात बसून साधनाने दुसरा लोटाही मागून प्यायला होता. म्हणून तर ती तिथे इतका वेळ थांबली. मोबाइलने इमानदारीने लिहून ठेवावं, इतका वेळ.

सूर्यभानच्या विहिरीचा फोटो आता इंदूबाईच्या विहिरीवर बसला होता. आणि मशीन निघाली होती.

तिने शेखरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो,’ असा तयार निरोप आला. इंदूबाईचा नंबर होता. तोही वाजत राहिला. फेब्रुवारीत नंबर देताना ती म्हणाली होती, “लावत जाय, पन मोबाइल घरी असते अन् मी मळ्यात.”

मग साधनाने ग्रुप उघडला. त्यात चौतीस माणसं. तिने लिहिलं, ‘थांबा. माझी चूक झाली आहे. क्र. १४ ची जागा चुकीची आहे.’ बोट पाठवायच्या बाणाजवळ नेलं. चौतीस माणसं. पुढचे दोन तालुके. पुंजाराम फोटोची साधना, जिला वेळ लावता येत नाही. आणि खरंच चुकलंय का? एवढी मोठी संस्था, कुणी बघितलं नसेल का? तिने अक्षरं एकेक करून पुसली आणि शेखरला एकट्याला लिहिलं, ‘सर, क्र. १४ बद्दल थोडं बोलायचं होतं. अर्जंट.’

थोडं बोलायचं होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली. पण तो निरोप गेला होता.

शटर ओढून ती स्टँडवर आली. साडेनऊची अमरावती गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसली, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. गाडी रस्त्याला लागली तशी बाहेर काळी, उन्हाने तडकलेली जमीन पळू लागली. गाडी मात्र पळत नाही असं तिला वाटत होतं. बोरगावला कंडक्टर चहा प्यायला उतरला. साधनाने खिडकीतून हाक मारली, “भाऊ, चला ना!”

“बाई, तुमी काय मुहूर्ताले चालल्या का?” तो कपात फुंकर मारत म्हणाला.

शेजारची म्हातारी हसली. साधनाला हसता आलं नाही.

पाच पाच मिनिटांनी ती शेखरला फोन करत होती. वडील नजरेसमोर येत होते. मांडवाच्या दारात, पायाखाली अक्षता. एकदा वेळ चुकली म्हणून त्या माणसाने जन्मभर वेळेच्या पुढे राहायचं ठरवलं. पुढे राहिलं म्हणजे चूक होत नाही असं त्यांना वाटलं. आणि आज त्यांची ती सावधगिरी एका विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली होती, तोंडात माती घेऊन.

दोन महिन्यांपूर्वी तिने ते ठिपके पाहिले होते. डांबरी रस्त्यात विहीर! रस्त्यात विहीर असते का कुठे? नकाशा तिला ओरडून सांगत होता.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा साडेदहा वाजले होते. तिथे, फलाटावरच्या फेरीवाल्यांच्या गोंगाटात, तिने पुसलेलं वाक्य पुन्हा ग्रुपवर लिहिलं. या वेळी आणखी लांब. ‘माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. सगळ्या एकशे बारा विहिरींच्या जागा चुकल्या आहेत. वलगावची मशीन ताबडतोब थांबवा.’ पाठवलं. एकाने बघितलं, दोघांनी बघितलं. कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. ते सुप्रभातच्या निरोपाला होतं की तिला, कळायला मार्ग नव्हता.

एक तास वाया घालवला होता तिने. पुढचा सगळा रस्ता ती त्या एका तासाशी बोलत राहिली.

बडनेऱ्याच्या अलीकडे शेखरचा फोन आला. “मॅडम, हे काय वाचतोय मी? आत्ताच मीटिंगमधून आलो. ड्रायव्हरचा फोन लागत नाही. शेतात त्याला रेंज नसेल.”

“दुसरं कुणी आहे तिथे?”

“फोटो आहे, लोकेशन आहे, मालकाची सही आहे. कशाला कुणी पाहिजे?” तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला पुन्हा लावून बघायला फोन ठेवला.

अमरावतीच्या स्टँडवरून तिने वलगावची ऑटो केली. शेताच्या वाटेला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लांबून पिवळी मशीन दिसली. तिचा दात असलेला हात वर उचललेला होता. चालू होती की बंद, ते इतक्या लांबून कळेना. साधना पळाली. चपलेचा अंगठा तुटला तशी चप्पल हातात घेऊन पळाली.

मशीन बंद होती. तिच्यासमोर, विहिरीच्या अगदी काठाला, पदर खोचून इंदूबाई बसली होती. पाय विहिरीत सोडलेले. ड्रायव्हर नितेश मशीनच्या सावलीत उकिडवा, कपाळाला हात लावून. सूर्यभान धुऱ्यावर उभा राहून तंबाखू मळत होता.

“बाजारातून आली तं माया इहिरीवर हत्ती उभा!” साधनाला बघताच इंदूबाईचा आवाज चढला. “म्या म्हनलं, बावा, हे नोको बुजू, हे मायी हाय. तं हा मलेच मोबाइल दाखवते!”

“काकू, मी काय करू?” नितेशने मोबाइल पुढे केला. “हे पाहा ना. फोटो हाय, नकाशावर टिकली हाय. टिकली इथंच येते. मले जे दाखवते ते मी करतो.”

“फोटो त्या सूर्याच्या इहिरीचा हाय! आंधळा हायस का? बाभूय दिसून राह्यली त्यात. माया इहिरीत बाभूय हाय का?”

“बाभूय तोडली असन म्हनलं. मालक लोक रोजच रडतेत, काकू. आपली इहीर बुजताना सारेच म्हनतेत, हे नाई, ते हाय.”

“मोबाइलनं खांदली होती का इहीर? आँ? सासऱ्यानं खांदली माया!”

“फोटो तं लय साजरा काढला बाईनं,” सूर्यभान धुऱ्यावरून म्हणाला. “मायी इहीर एवढी गोरी मलेबी कधी दिसली नाई. मले वाटलं बुजवाच्या आंधी तिचं लग्न लावून देते का काय.”

साधना काठाशी गेली आणि खाली पाहिलं. पाण्यावर मातीचा ढीग बेटासारखा वर आला होता. आतल्या बांधणीचे दोन दगड निखळून आत गेलेले. पाणी चहाच्या रंगाचं.

“किती टाकली?” तिने विचारलं.

“चार बकेट,” नितेश म्हणाला. “पाचवी उचलली अन् हे बाई आडवी आली.”

“कधी?”

“साडेदहाले सुरू केलं.”

साडेदहा. तिने साडेनऊला ते वाक्य पुसलं होतं. तेव्हा मशीन रस्त्यावर असणार, ड्रायव्हरचा फोन लागत असणार.

“इंदूबाई,” ती म्हणाली. “चूक त्याची नाई. मायी हाय. माह्या कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं होतं. अकरा मिनिटं. तुमच्या इथं पानी पेत बसली होती ना मी, तितकं पुढं. म्हणून सूर्यभानभाऊच्या इहिरीचा फोटो इथं आला. अन् सकाळीच मले समजलं होतं. लगेच सांगतलं असतं तं चार बकेटबी पडली नसती. मी घाबरली. नाई सांगतलं.”

“घड्याळ पुढं काहून होतं?”

“बाबांची सवय. मुहूर्त चुकू नये म्हणून.”

इंदूबाईने विहिरीतले पाय वर घेतले. “तुया बापाचे अकरा मिनिट माया इहिरीत काहून टाकले वो बाई?”

साधनाने हातातली चप्पल खाली ठेवली.

शेखरचा फोन पुन्हा आला. तिने सगळ्यांसमोर तो घेतला. होय, थांबली आहे. होय, माती पडली आहे. नाही, बाकीच्या यादीलाही हात लावू नका. घड्याळाचा फरक मी आज काढलाय, तो वजा करून सगळ्या जागा पुन्हा बसवते, आणि मग प्रत्येक ठिकाणी स्वतः उभी राहून बघते. पैसे नकोत. विहिरीतली माती माणसं लावून काढायची, मशीन नाही, आणि ती आजच पाठवा. पुढच्या दोन तालुक्यांचं शेखर काही बोलला नाही, तिनेही विचारलं नाही.

नितेशने मशीन मागे घेतली, सूर्यभान त्याला आपल्या विहिरीकडे घेऊन गेला. “चाल, खरी नवरी दाखवतो तुले,” म्हणाला. पण शेखरने मनाई केल्यामुळे मशीन तिथेही नुसती उभी राहिली.

इंदूबाईने बादली सोडली. ढीग टाळून, कडेने. वर आलेलं पाणी घागरीत ओतून शेवग्याच्या सावलीत ठेवलं. दोघी घागरीच्या दोन बाजूंना बसल्या. मळ्यातली मेथी दुपारच्या उन्हात मान टाकत होती. संध्याकाळी तिला पाणी लागणार होतं.

“वरचं पानी गोड अन् खालचं खारं असते,” इंदूबाई घागरीकडे बघत म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो साधनाला जास्त भीतीचा वाटला. “सासरे म्हनत, हिले जास्त उपसू नोका, ढवळू नोका. ढवळली तं खालचं वर येईन. तीस वर्सं झाले, आमी मोटर नाई लावली हिले. हातानं पानी काढतो.”

साधनाला हे ठाऊक नव्हतं. फोटोत ते दिसत नाही. तिने कॅमेरा काढला. काय करावं ते न कळून मोबाइलच्या घड्याळाचा पुन्हा एक फोटो घेतला, मग विहिरीचा, मग मातीच्या ढिगाचा. कॅमेऱ्याच्या वेळेला तिने हात लावला नाही. सगळ्या जागा बसेपर्यंत तिला ती अकरा मिनिटं तशीच हवी होती.

गाळ थोडा खाली बसला. वर दोन बोटं निवळ आली. इंदूबाईने लोटा हळूच तिरपा बुडवला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. लोटा पुढे केला.

“तू पाह्य.”

साधनाने घोट घेतला. माती लागली. मातीच्या मागे काहीतरी होतं. तिच्या ओठांवर पळून आलेल्या घामाचं मीठ होतं, तेही जिभेवर उतरलं, आणि कोणतं कशाचं ते तिला कळेना. तिने पदराने ओठ पुसले. दुसरा घोट घेतला. मग मान हलवली. होय म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

“मलेबी नाई समजून राह्यलं,” इंदूबाई म्हणाली. “गाळ बसाले दोन दिवस लागन. मंग समजन. थांबतं का तू?”

“थांबते.”

इंदूबाईने घागरीवर ताटली ठेवली आणि घागर सावलीबरोबर थोडी सरकवली.